घोडी जाईपर्यंत

ग्रिसेल्दाने लेकीची, ओरीची, पाठपिशवी मागून खेचली आणि त्याच क्षणी सायकल त्यांच्या अंगाला वारा देत निघून गेली.

"घंटी वाजवायला हात झिजतात का रे? पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची असते!"

सायकलवाला केव्हाच वळणापलीकडे गेला होता. थोडा पुढे गेलेला ओस्वाल्दो थांबला, दोघी धड आहेत एवढं पाहून पुन्हा चालू लागला. एरवी त्याने बायकोची थट्टा केली असती, तुझ्या आवाजाने पलीकडच्या काठावरचे मासेमार जागे झाले, असं काहीतरी. पण उन्हाळा लागल्यापासून त्या घरात थट्टा बंद होती. आधी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी भांडणं झाली, मग भांडणंही संपली आणि नुसती शांतता उरली.

आज सरोवरावरच्या मोठ्या कातळापाशी पोचायचं, घरून आणलेल्या सारणाच्या एम्पानादा खायच्या आणि मग ओरीला सांगायचं, की बाबा सोमवारपासून नेउकेन शहरात राहायला जाणार. एवढं ठरलं होतं. कोणी सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवायला आधी एकमेकांशी बोलावं लागलं असतं. कातळ आता समोरच्या टेकाडावर दिसू लागला होता.

वाट अरुंद झाली. एका हाताला चढ, दुसऱ्या हाताला खाली थेट पाणी. वळणावरून घोड्यांची रांग आली, वरच्या निवाऱ्याकडे सामान नेणारी. पुढच्या घोडीवर एक म्हातारी बाई बसली होती.

"पाण्याच्या बाजूला व्हा!" तिने हाक दिली. "घोडी बुजली तर चढाकडे जाऊ दे, तुमच्यावर नको. आणि बोला!"

"काय बोलू?" ओस्वाल्दोने विचारलं.

"काहीही. पाठीवर ओझी घेतलेली मुकी माणसं तिला जनावरासारखी दिसतात. हळू बोला, ओरडू नका, आणि बोलणं थांबवू नका."

तिघं कडेला उभी राहिली, ओरी मधे. ग्रिसेल्दाच्या टाचेखालून एक दगड सुटला आणि खाली पाण्यात पडला. घोडी थबकली. कान ताठ, मान वर. मागचे घोडे एकमेकांवर रेटू लागले.

ग्रिसेल्दाने तोंड उघडलं. शब्द फुटेना. पलीकडे ओस्वाल्दोचीही तीच गत.

"घोडीबाई," ओरी म्हणाली. आवाज अगदी मऊ. "आम्ही माणसंच आहोत. ही माझी आई, हे माझे बाबा. बाबा दुसरीकडे राहायला जाणारेत. मला अजून कुणी सांगितलं नाहीये."

घोडीचा एक कान तिच्याकडे वळला.

"तुला कसं कळलं?" ग्रिसेल्दाने विचारलं. आवाज तिने खालीच ठेवला.

"बाबांचे हिवाळ्याचे बूट गाडीत आहेत."

घोडीने एक पाऊल टाकलं. म्हातारीने हातानेच खूण केली, चालू द्या.

"पुल्गाला कोण नेणार?" ओरीने विचारलं.

"पुल्गा तुझ्याजवळच राहील," ओस्वाल्दो म्हणाला. लहानपणी तिला झोपवताना लावायचा तोच आवाज. "कुत्र्याला घरापासून तोडू नये."

"मग मला तुमच्यापासून?"

घोडीने नाक फुरफुरवलं.

"मला तुझा फार राग आलाय, ओस्वाल्दो," ग्रिसेल्दा म्हणाली, जेवताना मीठ मागावं तितक्या हळू.

"माहीत आहे." घोडीच्या घामाचा वास आता नाकाशी आला होता. "मला जायची भीती वाटते."

"हे आधी का नाही बोललास?"

"तू ओरडशील म्हणून."

ती ओरडली नाही. ओरडता येणारच नव्हतं. घोडे एकामागून एक जात होते, सामानाचे पट्टे त्यांच्या बाह्यांना घासत होते, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात हलवायचीही तिला धास्ती वाटत होती.

शेवटचा घोडा गेला. रांगेच्या पुढून म्हातारीची हाक आली,

"झालं! आता गप्प बसलात तरी चालेल!"

ते गप्प झाले. ओस्वाल्दोने पिशवी सारखी केली आणि कातळाकडे पाहिलं. ओरी मात्र वाटेच्या कडेवरून हलली नाही.

"बोलत राहा," ती म्हणाली. "अजून एक येतोय."

ग्रिसेल्दाने वळणाकडे पाहिलं. वाट रिकामी होती, धूळही खाली बसत आली होती. ओस्वाल्दोनेही पाहिलं.

"कुठल्या रंगाचा?" त्याने हळूच विचारलं.

"अजून दिसत नाहीये."

ग्रिसेल्दाने ओरीचा हात धरला आणि पुन्हा पाण्याच्या बाजूला उभी राहिली.

"मग सांग," ती नवऱ्याला म्हणाली, त्याच खालच्या आवाजात. "भीती कशाची वाटते?"