भुवनेश्वरनं नेलेला बायोडेटा

दिवाळीपर्यंत नोकरी, नाही तर लग्न. बाबांनी, म्हणजे इंदरलालजींनी, साफ सांगून टाकलं होतं.

फुलचूरच्या सायबर कॅफेत नोकरीचा बायोडेटा बनवायला बसली, तर सगळी पोरं 'मेहनती, प्रामाणिक' असंच लिहून राहिली होती. मीही लिहिलं, मग खोडलं. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी राइस मिलसाठी भुशावर चालणारा धानाचा ड्रायर बनवला होता. ड्रॉइंग माझं, बेअरिंग बसवताना काळे झालेले हातही माझेच. ते सगळ्यात वर टाकलं. एक पान, बस. वाचून मलाच वाटलं, अरे, या रिंकीला घ्याच!

भुवनेश्वर हा कॉलेजात माझा सीनियर, देवरीचा, आमच्याच पोवार समाजातला. नागपूरला कंपनीत इंजिनियर. तिथं एक जागा निघाली होती. "ईमेल कोणी पाहत नाही. मी साहेबाच्या हातात देतो," तो म्हणाला. "फक्त फोटो लाव अन् आईचं माहेरचं आडनाव टाक."

"काऊन?"

"फॉर्मात लागते."

लागत असेल बाप्पा! आपल्याकडे कोणत्या कागदाला काय लागेल, भरोसा नाही. टाकलं. अक्कल गहाण ठेवली होती मी.

रोज फोनकडे डोळे लावून बसायची. शेवटी फोन आला, तो बाबांना. रविवारी भुवनेश्वर, त्याची आई अन् मामा दारात हजर.

मामाच्या हातात माझंच पान. "हे ड्रायर-फ्रायर ठीक आहे, पण स्वयंपाक येते का, ते लिहिलंच नाही!" सगळे हसले. बाबाही हसले. ते फार लागलं मला.

भुवनेश्वरला अंगणात गाठलं. "साहेबाला दिला होता?"

"ती जागा भरली."

"दिला होता का?"

"देणारच होतो. आईनं पाहिला, तिला तू आवडली. आता नोकरी कायले पाहिजे तुले? मी आहो ना!"

अंगाची लाही लाही झाली. आत गेली, मामाच्या हातातून पान हिसकलं अन् सरळ सांगितलं, या खोटारड्याशी मी लग्न करणार नाही. चहा न घेताच गेले सगळे.

बाबा ओरडले नाहीत. पान माझ्या हातून घेऊन सरळ केलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, आता तरी ड्रायरबद्दल विचारतील.

"चांगला बनवला आहेस," म्हणाले. "वरचं तेवढं ड्रायरचं काढून टाक अन् चार-पाच प्रती आण. दुसऱ्या स्थळांना देता येतील."