गजाला तेल

दार कुरकुरलं, लाव तेल. डोकं दुखलं, लाव तेल. आईकडं औषध एकच. त्या सकाळी लेकीचा व्हायोलिनचा गज तिच्या हाती लागला. घोड्याच्या शेपटीचे केस, कोरडे ठाक, वर पांढरी भुकटी. "एवढी घोडी झाली, पण वस्तू पुसायची अक्कल नाही," असं पुटपुटत तिनं भुकटी पुसली आणि केसांवरून तेलाचा हात फिरवला. गज कसा लखलखला मेला!

दुपारी क्लबात लेकीची पारख होती. जॅझच्या बँडमधला सॅक्सोफोनवाला सोडून गेल्यापासून लेकच पुढं उभी राहून वाजवायची. मालकाला ते रुचेना. "व्हायोलिन रडायला बरं. पुढं सॅक्सोफोनच हवा." आज जमलं तर जमलं, नाहीतर नवा सॅक्सोफोनवाला कोपऱ्यात तयारच बसला होता. आई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स, मान ताठ. माझी पोरगी सगळ्यांच्या पुढं उभी असते, हे अख्ख्या गल्लीला ऐकवून आलेली.

ड्रमवाल्यानं ठेका धरला. लेकीनं गज ओढला. तो तारेवरून सुळकन घसरला. आवाजच नाही! तिनं गजाच्या केसांवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि आईकडं पाहिलं.

"दुसरा गज?" पियानोवाली कुजबुजली.

"मोडलाय."

लेकीनं राळेचा खडा घासघास घासला. तेलात राळेचा नुसता चिखल झाला. ती भुकटी राळेचीच होती, तिच्याविना तार बोलत नाही, हे आईला तेव्हा उमगलं.

लेकीनं गज ठेवला आणि बोटांनीच तारा छेडायला लागली. ड्रमखाली काही ऐकू येईना.

"अरे ए बडवणाऱ्या, जरा हळू की!" आई ओरडली.

ड्रमवाल्यानं खरंच काठ्या टाकून मऊ आवाजाचे ब्रश घेतले. आता तारा बोलल्या. लेकीची ती वाकडीतिकडी चाल वळणं घेत वर चढली, आणि तिथंच अडली. तिथं लांब सूर धरायचा होता. बोटांनी तो धरता येत नाही.

कोपऱ्यातून सॅक्सोफोननं तो सूर उचलला. मालकानं मान डोलावली.

"तेल मी लावलं हो! पोरीचा काही दोष नाही!"

"बसा आई," मालक तिच्याकडं न बघताच म्हणाला.

सॅक्सोफोनवाला पुढं आला. लेक मागं सरकत ड्रमपाशी जाऊन उभी राहिली. बोटं मात्र तिनं थांबवली नाहीत. आई बसली नाही. ताठ उभी राहिली, तेलकट हात पर्समागं लपवून.