न झिजलेले टायर

आमच्या यांनी लाल स्पोर्ट्‌स कार अकरा वर्षं जपली. चालवली म्हणायची सोय नाही. दर रविवारी कव्हर काढायचं, इंजिन पाच मिनिटं घुरघुरवायचं आणि गाडी हातानं वीतभर पुढे ढकलायची, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाहीत. वर्षातून तीन-चारदा पेट्रोल पंपापर्यंत फेरी, तीही एकट्यानं. माझं वजन म्हणे टायरांना सोसणार नाही. समुद्राकडे जाऊ या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अगं, रस्ता खडबडीत आहे. टायर झिजतील."

"झिजू देत की! लोणचं घालायचंय का त्यांचं?" मी म्हणायचे. हे हसायचे आणि कव्हर ओढून घ्यायचे.

गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा गेल्यात जमा आहे आणि उजव्याचंही मधलं दिसणं झपाट्यानं कमी होतंय. आजपासून गाडी बंद.  घरी आल्यावर दाराशीच यांनी माझा हात धरला. "एकदाच. भर दिवसा, रिकाम्या रस्त्यानं, समुद्रापर्यंत. तू शेजारी बस."

मी नाही म्हणायला हवं होतं. समोरून कुणाचं लेकरू आलं तर, हे मनात आलं होतं आणि मी ते दाबलं. खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं मी या एका फेरीसाठी जीव टाकत होते.

हवा तपासायला कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला बोलावलं. त्यानं उकिडवं बसून टायरच्या कडेवर नख फिरवलं. बारीक भेगांचं जाळं होतं.

"काका, यावर समुद्राला जाणार? फुटेल वाटेत."

"नक्षी बघ की, नव्यासारखी आहे!"

"नक्षी आहे हो, रबर मेलंय. टायर उभ्या उभ्याही म्हातारा होतो. चालवली असती तरी एवढीच वर्षं टिकला असता."

मला इतका राग आला की मी घरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

गाडी त्यानं दुकानात नेली, आम्ही मागून चालत गेलो. तिथे यांनी निवड करायला तासभर लावला. एक टायर मऊ, रस्त्याला घट्ट धरणारा, पण थंडीत कडक होणारा. दुसरा साधा, ओल्या रस्त्यावरही भरवशाचा. टायरवाला म्हणाला, कधीमधी चालणाऱ्या गाडीला साधाच घ्या, फक्त ताजा बनलेला बघून घ्या, पाच-सहा वर्षं बघायला नको. पाच-सहा वर्षं! मी भिंतीकडे बघत राहिले.

"तारीख मी बघतो," हे म्हणाले. टायरवर बनल्याचा आठवडा आणि वर्ष उठावात कोरलेलं असतं. यांनी त्यावर बोट फिरवलं, नाक टेकेल इतकं वाकले. "अठरावा आठवडा. ताजा आहे."

आकडा तेरा होता. टायरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानं चारही टायर चढवले.

मग हे चाचपडत आत बसले, मी शेजारी. किती खाली बसावं लागतं त्या गाडीत, मला माहीतच नव्हतं. इंजिन सुरू झालं. यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, खांदे ताठ केले. चेहरा अगदी लग्नातल्यासारखा झाला होता.

"समोर कुणी आहे का गं?"

टायरवाला दोन हातांच्या अंतरावर गाडी अडवून उभा होता, केशरी कपड्यांत, दोन्ही हात वर करून.

एक क्षण मला 'कुणी नाही' असं म्हणावंसं वाटलं.

"टायरवाला आहे," मी म्हटलं.

"कुठे?"

"समोर. अगदी समोर, अहो."

इंजिन बंद झालं.  यांनी चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "त्याला दे. घरी पोचवेल."

हे उतरले आणि टायरवाला स्टिअरिंगपाशी बसला. गाडीत जागा दोनच. "तू बस," हे मला म्हणाले, "मी येतो चालत." एकटे कसे येणार होते? मी उतरले, बाहेरून दार लावलं आणि यांचा दंड धरला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. त्या गाडीत आम्ही दोघं शेजारी बसलो ते एवढंच, उभ्या गाडीत, चार मिनिटं.