चुलीमागचं भोक

ओर्फेलिना सकाळपासून मेणबत्ती घेऊन घरभर फिरत होती. ज्योत वाकली की तिथे फट. फट दिसली की मेंढीची लोकर कोंबायची, वर खळीने वर्तमानपत्र चिकटवायचं. कोयाइके गावात हिवाळ्याआधी सगळेच हे करतात, पण महिनाभर, रमतगमत. तिच्याकडे चार वाजेपर्यंतचाच वेळ होता.

चारला नर्स घर बघायला येणार होती. ओर्फेलिनाचा नवरा एलिसेओ फुप्फुसांच्या दुखण्याने दीड महिना दवाखान्यात होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, घरात अठरा अंश ऊब हवी आणि धूर अजिबात नको. नाहीतर हिवाळा संपेपर्यंत त्याला सोडणार नाहीत.

धाकटा दीर कुस्तोदियो टेबलाशी माते, इकडचा पाल्याचा कडू गरम काढा, पीत होता. "वहिनी, बसा की जरा."

"तुम्ही बसलायत ना दोघांच्या वाटचं."

"घर आहे की पत्र्याचा डबा? माशीला तरी श्वास घेऊ द्या."

"आधी तुमच्या भावाच्या श्वासाचं बघू, भाऊजी. मग माशीचं."

शेवटी ती चुलीमागे वाकली. तिथे फळ्यांच्या जमिनीत मुठीएवढं भोक होतं, एलिसेओने स्वतः पाडलेलं. तीस हिवाळे त्यातल्या वाऱ्याने तिचे घोटे गारठवले होते आणि तीस हिवाळे तो म्हणत आला होता, "राहू दे ते." तिने लोकरीचा बोळा ठासून भरला. ज्योत ताठ उभी राहिली.

"आभार, वहिनी." कुस्तोदियोने मातेचा पेला, म्हणजे पोकळ वाळका भोपळा, परत दिला. आभार मानेपर्यंत यजमानाने भरत राहायचं, मानले की थांबायचं, ही इथली रीत. तो लाकडं आणायला बाहेर गेला.

साडेतीनला भिंतीवरच्या तापमापकाचा काटा सतरावर होता. लाकूड सरकवायला तिने चुलीचं दार उघडलं आणि धुराचा लोट तोंडावर आला. लाकूड ओलं? छे, दोन वर्षं वाळलेलं. धुराड्याची झडप? उघडीच. बघता बघता छत दिसेना. तिने खिडकीवरचं प्लास्टिक ओरबाडून काढलं, खिडकी उघडली. धुरामागोमाग ऊबही गेली.

कुस्तोदियो मोळी टाकून धावत आला. चुलीमागे बघून त्याने कपाळाला हात लावला. "वहिनी, चुलीचं नाकच दाबलंत की! एवढ्या बंद घरात ती हवा ओढणार कुठून?"

तिने बोळा उपसला. चूल धडधडून पेटली. खिडकी लावते न लावते तोच दारावर थाप.

नर्स यास्ना आत आली, तिने हवा हुंगली, काटा पाहिला. "मावशी, चौदा. आणि धूर?"

"मीच केला. हे बुजवलं होतं." ओर्फेलिनाने भोक दाखवलं. "आता उघडलंय. होईल गरम."

"मला अजून दोन घरं करायचीत."

ओर्फेलिनाने माते भरून पुढे केली. यास्नाने ती संपवली, घड्याळ पाहिलं आणि भोपळा परत दिला. आभार न मानता. ओर्फेलिनाने पुन्हा भरला. पंधरा. पुन्हा. सोळा. मातेची चव केव्हाच गेली होती. पोरगी गरम पाणीच पीत होती. सतरावर काटा अडकून बसला. ओर्फेलिनाची नजर कधी भोपळ्यावर, कधी काट्यावर. किटली हलकी होत चालली होती.

मग काटा सरकला.

"आभार, मावशी," यास्ना म्हणाली आणि तिने पेनचं टोपण काढलं.

ओर्फेलिना चुलीपाशी उभी होती. भोकातून येणारा वारा घोट्यांना झोंबत होता. तिने पाय हलवले नाहीत.