धम्मपालचा कोट

सीताबर्डीवरच्या माझ्या दुकानातून मेलेली माणसं कोट-टाय घालूनच बाहेर पडायची. चित्रातला कोट मी आधीच रेखाटून ठेवायचो, गिऱ्हाईक आलं की फोटो बघून वर चेहरा बसवायचा. जन्मभर बंडी-धोतरावर राहिलेला म्हातारा माझ्या हातून साहेब होऊन जायचा. घरचे खूश, मीही खूश. भिंतीवर खरा माणूस हवा असतो कुणाला?

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात भीमाबाई आणि तिचा नवरा देवराव आले. देवराव लकडगंजात आरा मशीनवर ओंडके वाहायचा. त्यांचा एकुलता एक धम्मपाल बी.ए. झाला, कचेरीत नोकरी लागली आणि रुजू व्हायच्या आधीच काविळीनं गेला. शिवायला टाकलेला त्याचा कोट नंतर घरी आला.

"तुमचा तयार कोट नको जी," भीमाबाई तो कोट पुढे करत म्हणाली. "हाच काढा. पोरानं आंगात घातला नाही, चित्रात तरी घालू द्या."

खुंटीवरच्या कोटाला अंग नसतं. म्हणून मी देवरावलाच तो घालायला सांगितलं. तो मागे सरला. "मी कायले जी? घामानं खराब होईन तो." शेवटी चढवला. बाह्या आखूड पडल्या. बिचारा श्वास रोखून बसला. मी मन लावून कोळशानं कोट काढला, वर धम्मपालचा चेहरा.

भीमाबाई कितीतरी वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "याचा उजवा खांदा काहून उतरला जी?"

पाहतो तर खरंच. ओझी वाहून देवरावचा खांदा कायमचा खाली गेलेला, आणि मी मूर्खानं तोही जसाच्या तसा उतरवला होता.

"सरळ करा. माह्या पोराले आम्ही कधी ओझं उचलू देल्लं नाही." बोलता बोलता तिचा बांध फुटला.

"राहू दे ना वं," देवराव म्हणाला.

"नाही. माहा पोरगा साहेब होता."

मी कोळसा पुसायच्या पावाच्या तुकड्यानं खांदा पुसला आणि वर घेतला. आता धम्मपाल ताठ बसलेला दिसू लागला. भीमाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि चित्र जपून धरून ती पायऱ्या उतरली.

देवरावनं कोट काढला, घडी घातली. तरी पाय निघेना त्याचा. ती दूर गेल्याचं बघून हळूच म्हणाला,

"तेवढंच माहं होतं जी त्याच्यात."