रादोशने कॉम्प्युटरमध्ये भरलेलं पाणी

माझ्या भावाला, रादोशला, कॉम्प्युटरमध्ये पाणी खेळवायचं होतं. हे त्याने जेवताना जाहीर केलं तेव्हा आईच्या हातातला डाव भांड्यावरच थांबला.

"विजेच्या वस्तूत पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

ते ठिकाणावर आहे अशी खात्री मलाही देता आली नसती. रादोश जर्मन लोकांसाठी स्वयंपाकघरांची चित्रं करतो. स्वयंपाकघर अजून बांधलेलंही नसतं आणि हा त्याचा फोटो काढल्यासारखं चित्र कॉम्प्युटरवर उभं करतो. त्या कामात यंत्र असं तापतं की पंख्यांची घरघर खालच्या मजल्यावर ऐकू येते. त्यात त्याची खोली थेट कौलांखाली. सर्बियातल्या आमच्या चाचाक गावच्या उन्हाळ्यात तिथे यंत्र आणि रादोश दोघंही उकडून निघायचे. म्हणून हे पाणी. एक छोटा पंप, अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक टाकी, तापणाऱ्या चिपांवर बसवायचे तांब्याचे ठोकळे, गाडीला असतो तसा रेडिएटर आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या. पाणी फिरतं, उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये सोडतं आणि गार होऊन परत येतं. बाजारात तयार संच मिळतो, पण तयार वस्तू आणेल तो रादोश कसला! अख्खा हिवाळा त्याने आराखडे काढण्यात घालवला. नळी कुठून निघेल, कुठे वळेल, टाकी पंपाच्या वर हवी की बाजूला, नंतर पाणी काढायचं तर तोटी कुठे. मी दर रविवारी आईबाबांकडे जेवायला जाते. दर रविवारी आराखडा नवा असायचा आणि आदल्या रविवारचा मूर्खपणाचा ठरलेला असायचा.

मी त्याची यथेच्छ टर उडवायचे, पण मनातून त्याचे उपकार मानत होते. कारण बाबा.

आमचा बाबा, वितोमिर, जन्मभर घरोघरी हीटिंगचे नळ आणि रेडिएटर बसवत आला. दोन वर्षांपूर्वी त्याचं यकृत जवळजवळ कामातून गेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आणखी एक घोट घेतलात तर माझ्याकडे येऊ नका, सरळ पाद्र्याला बोलवा." बाबा हॉस्पिटलात असतानाच आईने आलुबुखाराची दारू गाळायची आमची तांब्याची भट्टी विकून टाकली. तळघरातली सगळी राकिया, म्हणजे तीच दारू, मोरीत ओतली. गल्लीभर वास सुटला होता. शेजारी आले ते मयताला आल्यासारखे तोंड पाडून.

बाबा वाचला, पण घरात कोंडला गेला. आमच्याकडे कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की कॉफीच्या आधी राकियाचा पेला पुढे येतो, आणि नको म्हटलं की यजमान दुखावतो. नको म्हणण्यापेक्षा बाबाने जाणंच सोडलं. खिडकीशी बसून असायचा. हात थरथरायचे. आणि एका रविवारी मी गेले तर बाबा माडीवर! चष्मा नाकावर, हातात तांब्याची नळी. रादोशने मुद्दाम प्लास्टिकची नळी रद्द करून तांब्याची ठरवली होती, वाकवून द्यायला बाबा हवा म्हणून.

"इथे सांध्यावर तागाचा धागा गुंडाळ आणि वर सफेद्याचा लेप लाव," बाबा सांगत होता. "पन्नास वर्षं थेंब गळणार नाही."

"बाबा, हा कॉम्प्युटर आहे, शाळेचा बॉयलर नाही. इथे रबराची रिंग असते. धाग्याचा एक तंतू पंपात गेला तर पंप बसला म्हणून समज."

"रबर! रबरावर विश्वास ठेवणारी माणसं मी फार बघितलीत. ओल्या मोज्यांनी उभी असतात."

मी जिन्यात उभी राहून रडले. आनंदाने. त्याचे हात थरथरत नव्हते.

भरायचा दिवस रविवारच निघाला. रादोशने रेडिएटर आतून धुण्यात विकत आणलेलं सगळं डिस्टिल्ड पाणी संपवलं आणि दुकानं बंद. नळाचं पाणी चालत नाही, क्षार साठतात. मग तो खाली आला आणि इस्त्रीच्या कपाटातून डिस्टिल्ड पाण्याची बाटली घेऊन गेला. आई वाफेच्या इस्त्रीत तेच घालते. तेव्हा आई, बाबा आणि मी मागच्या अंगणात मिरच्या भाजत होतो. रादोशने बाटली टाकीत रिकामी केली, सांध्यांखाली कागदी रुमाल पसरले, कॉम्प्युटर बंदच ठेवून नुसता पंप चालू केला आणि जेवायला आला. तासाभरात कागद कोरडे राहिले तर जिंकलो, म्हणाला. बाबाने आपल्या हाताने सगळ्यांना फळांचा रस ओतला आणि पेला उंचावला.

"माझ्या नळ्यांच्या नावाने!"

जेवण झाल्यावर मी माडीवर बघायला गेले. दार उघडलं.

खोलीत राकियाचा वास भरला होता. चांगल्या, जुन्या, घरी गाळलेल्या राकियाचा वास. आमच्याकडच्या कुणालाही तो झोपेतसुद्धा ओळखू येईल. टाकीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे गेले होते आणि त्यातून थेंब गळत होते. कागद चिंब. मी एक उचलून नाकाशी धरला.

रादोश माझ्यामागून आला. "अरे देवा, टाकी! नवी कोरी टाकी!"

"तुला वास नाही आला?"

"कसला वास? ताई, माझं नाक त्या साथीत गेलं ते अजून आलेलं नाही, माहीत आहे ना तुला."

माहीत होतं. घेवडा जळून कोळसा झाला तरी त्याला वास आला नव्हता, त्यावरून आम्ही त्याला किती चिडवलं होतं! मी त्याच्या हातात कागद कोंबला. "राकिया आहे ही. तू कॉम्प्युटरमध्ये राकिया भरलीस."

तो पांढराफटक पडला. अ‍ॅक्रिलिकला दारूने तडे जातात हे त्याला ठाऊक होतं. पण त्याला टाकीचं काही वाटेनासं झालं होतं हे मला दिसत होतं. आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट आली. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही.

बाबा टेबलाशी अक्रोड फोडत बसला होता.

"कधीपासून?" मी ओरडले. "कधीपासून पितोयस?"

"काय?"

"काय म्हणून विचारू नकोस! इस्त्रीच्या बाटलीत राकिया आहे. आईने तुझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं आणि तू चोरून पितोस? मरायचंय तुला? मग सांग ना तसं, निदान आम्ही आशा तरी सोडू!"

बाबाच्या हातातला अक्रोड टेबलावर घरंगळला. एवढं हादरलेलं मी त्याला हॉस्पिटलातही पाहिलं नव्हतं. "मी? नेवेंका, मी? तुम्हा पोरांची शपथ, दोन वर्षांत थेंब..."

"आमची शपथ घालू नकोस! मागच्या वेळीही आमचीच घातली होतीस."

ते खरं होतं आणि म्हणून फार लागलं. त्याने हात टेबलाखाली घेतले. मला वाटलं, पकडला गेला. मला त्याचा इतका राग आला होता की रडूही येईना.

रादोश दारात उभा होता. "ताई, पण ती बाटली इस्त्रीच्या कपाटात होती."

"म्हणूनच तिथे लपवली ना! ते कपाट या घरात आईखेरीज उघडतं कोण?"

हे शब्द माझ्याच तोंडून निघाले आणि मला ऐकू आले.

मोरीपाशी आई उभी होती. नळ चालूच होता. तिने तो बंद केला, हात पुसले, ॲप्रन नीट केला.

"त्याला बोलू नकोस," ती म्हणाली. "माझी आहे ती."

आमची आई कोसारा! नाताळातही ओठ फक्त ओले करणारी.

"सगळी नाही ओतली मी," ती खाली बघत म्हणाली. "एक मोठा डबा ठेवला. वितोमिर हॉस्पिटलात होता, घरी आलं की भिंती खायला उठायच्या. झोप येण्यापुरती घ्यायचे. मग हा घरी आला आणि भीती वाढलीच. जरा बाहेर गेला की कुणी पाजली तर नसेल? इस्त्री करताना एक घोट घेतला की धडधड थांबायची."

दोन वर्षं आमच्याकडे भांडी पुसायच्या फडक्यांनाही कडक इस्त्री होती. आम्ही तिला हसायचो. मी फार्मसीत काम करते, लोकांच्या डोळ्यांवरून ओळखते कोण काय घेतं ते. आणि माझ्या आईचं मला कळलं नाही. लाजेने माझी मान वर होईना.

"बाबा," मी म्हणाले, "मला माफ..."

त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो आईकडे बघत होता.

"रात्री मला तुझ्या अंगाला वास यायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं माझंच डोकं बिघडलंय. वाटायचं, हाव मेली नाही, माझ्या बायकोच्या श्वासातही मला राकियाचाच वास येतो. भीती वाटली मला, कोसारा. म्हणून मी खाली दिवाणावर झोपायला लागलो."

आईने चमकून वर पाहिलं. "मी घोरतो म्हणून खाली जातो, असं म्हणाला होतास तू."

"काय सांगणार होतो?"

"मला वाटलं, तुला मी नकोशी झाले." ती खुर्चीत बसली. "म्हणून तर मग जास्तच..."

बाबा उठला, टेबलाला वळसा घालून तिच्याकडे निघाला आणि हात पोचेल एवढ्या अंतरावर मधेच थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. हात पुन्हा थरथरायला लागले होते.

"चूळ भरून ये, कोसारा," तो हळूच म्हणाला. "तोंड धू, कपडे बदल. मला तुझ्याजवळ बसायचंय."