मजकूर कोणाचा

मोठेबाबूंनी खिडकीतून कागद आत सरकवला. कारकुनाने तो न वाचताच पालथा ठेवला. तीस वर्षं याच खिडकीच्या आत बसून मोठेबाबूंनीही कित्येकांचे कागद असेच पालथे ठेवले होते.

"वाच तरी," ते म्हणाले. "पलटणीतला तो अर्ज मी लिहून दिला. पोराने नुसत्या सह्या घेतल्या."

वीस शिपायांचं गाऱ्हाणं एकच होतं, रजा नाही आणि आजाऱ्याला औषध नाही. वीस कागद कशाला, एकावरच उरकू, असं मोठेबाबूंनी ठरवलं. कचेरीतली जुनी खोड. एकट्याने केली तर ती तक्रार, सगळ्यांनी मिळून केली तर बंड, हा नियम त्यांनीच नव्या कारकुनांकडून घोकून घेतला होता. पोटच्या पोरासाठी लिहिताना तेवढाच डोक्यातून निसटला. आज बारा दिवस मुलगा आणि बाकीचे एकोणीस कोठडीत होते. आरोपपत्र नाही, वकील भेटू देत नाहीत. मजकूर कोणी लिहून दिला, एवढंच विचारत होते. आणि बाप मिठाची गुळणी धरून बसला होता. भीतीने, दुसरं काही नाही.

कारकून हळू आवाजात म्हणाला, "मोठेबाबू, उशीर केलात. सकाळीच तुमच्या मुलाने शपथेवर लिहून दिलंय. मजकूर माझाच आहे म्हणून."

"खोटं आहे ते."

"तेच तर. बंडाचं कलम लागणारच आहे. तुमचा कागद वर गेला की त्याच्यावर खोट्या शपथेचंही लागेल. पाठवू?"

मोठेबाबूंनी हात पुढे केला. कारकुनाने कागद परत दिला.

फाटकाबाहेर वीस घरांतल्या बायका उन्हात उभ्या होत्या. सुनेच्या हातात कापडी फलक होता, 'आरोप सांगा, नाहीतर सोडा'. चार दिवस धरत होते तसं मोठेबाबूंनी त्याचं दुसरं टोक धरलं.

"काय म्हणाले, बाबा? तो लिहिणारा कोण, कळलं का? मेला कुठे लपून बसलाय, आणि आपलं माणूस आत सडतंय."

कळलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मीच," मोठेबाबू म्हणाले.

तिने त्यांच्या मुठीतून फलकाचं टोक सोडवून घेतलं आणि शेजारच्या बाईच्या हातात दिलं.